नऊ दिवसांच्या गोळ्या

चौदा जुलैला सकाळी तोंडेगुड्याच्या अलीकडचा नाला पुलावरून वाहू लागला आणि आठ दिवस तसाच वाहत राहिला. एटापल्लीहून येणारी बस बंद झाली. शाळेचे मास्तर पलीकडे अडकले. आशा कार्यकर्ती वच्छला मडावी हीसुद्धा पलीकडच्याच गावात राहायची. तिच्याकडे चार गावं होती. त्यात दोन गरोदर बाया होत्या, क्षयाचा एक रोगी होता. पण त्या आठ दिवसांत तिच्या डोक्यातून जात नव्हती ती तोंडेगुड्याची रोशनी पुंगाटी. रोशनीच्या गोळ्या सतरा तारखेला संपणार होत्या आणि अठराला तिला चंद्रपूरला जायचं होतं. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी दर वेळी बजावलं होतं.

बावीसला पाणी गुडघ्याखाली आलं तशी वच्छला चपला हातात घेऊन नाला ओलांडून तोंडेगुड्यात आली. रोशनी अंगणात वेणी घालत बसली होती. तिची सासू केसरबाई टोपल्यातले बांबूचे कोंब सोलत होती.

"गोळ्या सरल्या असतीन ना, बाई?" वच्छलाने धापा टाकत विचारलं.

"काऊन सरतीन?" केसरबाई म्हणाली. "लय हायेत. आमी काय उधळून राह्यलो का दवाई?"

ती आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, नीट रबर लावलेल्या. वच्छलाने जमिनीवर मांडून त्या मोजल्या. एकही उरायला नको होती. तीस भरल्या.

"तुमी रोज देता ना हिले?"

"रोज. मी आपल्या हातानं देतो. हे पोरगी इसरन, मी नाई इसरत."

"मंग ह्या तीस कुठून उरल्या?"

केसरबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. "ह्या कुर्म्यातल्या दिवसाच्या," ती म्हणाली. "पस्तीस होत्या, पाच दिवसापासून त्यातल्याच देऊन राह्यलो."

वच्छलाने पट्ट्यांना परत रबर लावलं. ती स्वतः दर महिन्याला चार दिवस कुर्म्यात बसत आली होती.

कुर्मा म्हणजे गावाच्या कडेला असलेली एक लहान झोपडी. पाळी आली की बाईने तिथे जायचं, थांबली की नदीवर आंघोळ करून परत यायचं. मधल्या दिवसांत तिने घराला शिवायचं नाही. जेवण घरून येतं. जिची पाळी कायमची गेली आहे अशी कुणी म्हातारी ते झोपडीबाहेर ठेवते आणि मागे सरते. आत गेलेली वस्तू बाहेर आणायची तर धुवून आणायची; जी धुता येत नाही ती तिथेच राहते. या भागात हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि म्हणूनच चंद्रपूरच्या डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

रोशनी सव्वीस वर्षांची होती, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. दुसऱ्यानंतर डावा पाय मांडीपर्यंत सुजला. गडचिरोलीला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. महिन्याभराने चेहराही सुजायला लागला, लघवीला फेस यायला लागला, रक्तदाब एकशे ऐंशीच्या वर गेला. तेव्हा तिला चंद्रपूरला पाठवलं. तिथे किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि एकाच आजाराने हे सगळं झाल्याचं कळलं.

डॉ. निमसरकारांनी तेव्हा रोशनीला आणि तिच्या नवऱ्याला, लच्छूला, समोर बसवून समजावलं होतं. रक्त वाहत राहावं आणि जखम झाली की गोठावं, अशी शरीराची व्यवस्था असते. रोशनीच्या शरीराने या व्यवस्थेच्याच विरुद्ध काही पदार्थ तयार केले आहेत. त्यामुळे जखम नसतानाही तिचं रक्त गोठतं. वारेत गोठलं म्हणून मुलं गेली. पायात गोठलं म्हणून पाय सुजला. आता ते किडनीतल्या केसाहून बारीक नळ्यांत गोठतं आहे.

"किडनी गाळणी आहे," डॉक्टर म्हणाले होते. "तिच्या छिद्रात गुठळी बसली की ते छिद्र बंद. चहाची गाळणी धुता येते. ही धुता येत नाही. बंद झालेलं बंदच राहतं. उरलेलं वाचवायचं, एवढंच आपल्या हातात आहे."

वाचवण्याचा उपाय म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. रक्त किती पातळ आहे हे आयएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. तो रोशनीसाठी दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा होता. दोनच्या खाली गेला तर गुठळ्या, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्राव.

रोशनीला त्यातलं किती समजलं, हे लच्छूला कधी कळलं नाही. पण वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर पोंभुर्ण्याची एक बाई होती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, दर वेळी ये-जा परवडायची नाही, म्हणून ती चंद्रपुरातच दवाखान्याच्या मागे एका खोलीत राहायची. घर, शेत, लेकरं पोंभुर्ण्यालाच. "दोन वर्षं झाले, मी धान रोवला नाई," ती रोशनीला म्हणाली होती. पोंभुर्णा चंद्रपूरपासून तासाभराच्या वाटेवर. तोंडेगुड्याहून चंद्रपूरला पोचायला अख्खा दिवस जातो. रोशनीने तो हिशेब त्याच खाटेवर बसून केला होता.

फेब्रुवारीत घरी सोडलं तेव्हा तिचा आकडा दोन पॉइंट चार होता. मार्चमध्ये एक पॉइंट चार आला. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. एप्रिलमध्ये एक पॉइंट तीन. परत वाढवली. मे, जून, तेच. आणि किडनीचं काम मोजणारा दुसरा आकडा, क्रिएटिनिन, दर वेळी थोडा चढत गेला: एक पॉइंट तीनवरून जूनमध्ये एक पॉइंट नऊ.

"गोळी रोज घेते ना?" डॉक्टर दर वेळी विचारत.

"रोज घेते, साहेब," लच्छू सांगत असे. त्याला तसंच वाटत होतं. कुर्म्यात काय चालतं हे कोणत्याही पुरुषाला माहीत नसतं. रोशनी शेजारी खाली मान घालून बसलेली असे. डॉक्टर पुरुष, नवरा पुरुष. पाळीचं नाव कुणासमोर काढणार?

आणि दर महिन्याची भेट ठरायची ती कुर्म्यातून बाहेर आल्यावर, कारण कुर्म्यात असताना बसमध्ये बसता येत नाही. म्हणजे रक्त नेहमी गोळ्यांच्या खाड्यानंतर एक-दोन दिवसांनीच तपासलं जात होतं.

वच्छलाने टेकडी चढून मोबाइलला रेंज आणली आणि चंद्रपूरला फोन लावला. रोशनी तिच्या मागोमाग वर आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवसांचा खाडा?"

"मार्चमंधी पाच. मंग सहा, सात, आठ. आता नऊ झाले."

"दर महिन्याला एक दिवस वाढतो?"

वच्छलाने रोशनीकडे पाहिलं. रोशनीने मान हलवली.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"लक्षात आलं," डॉक्टर म्हणाले. "खाड्यामुळे आकडा कमी यायचा. कमी आला म्हणून मी ताकद वाढवत गेलो. घरी असताना ती वाढलेली गोळी खाऊन रक्त गरजेपेक्षा पातळ व्हायचं, म्हणून पाळी लांबायची. पाळी लांबली की खाडा लांबायचा. आणि त्या खाड्यात किडनीत गुठळ्या. मी दर वेळी नवऱ्यालाच विचारलं. तिला एकदा एकटीला विचारायला हवं होतं."

"मंग आता कुर्म्यातबी देऊ का गोळी? हेच?"

"ही नाही! ऐका, नीट ऐका. ही ताकद तिने रोज, न चुकता घेतली तर पोटात, डोक्यात रक्तस्राव होईल. पहिली, फेब्रुवारीतली जी होती, तीच सुरू करा. बाकीच्या पट्ट्या बाजूला काढा, पहिलीच्या नव्या मी अहेरीला पाठवतो. पाच दिवसांनी रक्त तपासा. आणि पुढच्या पाळीत एकही दिवस चुकायला नको. तिच्याकडे फार उरलेलं नाही, ताई."

"म्हंजे किडनी?"

"अर्ध्याहून कमी."

फोन स्पीकरवर होता. रोशनीने ते ऐकलं. ती टेकडीवरून उतरताना एका दगडावर बसली आणि म्हणाली, "वच्छलाबाई, पोंभुर्ण्याच्या त्या बाईचं नाव मी इचारलं नाई."

"कोनती बाई?"

"अशीच एक," रोशनी म्हणाली आणि उठली.

केसरबाईने ऐकून घेतलं. चूक झाली हे तिने लगेच मान्य केलं. ती वाद घालणारी बाई नव्हती. पण गोळी कुर्म्यात न्यायचं म्हटल्यावर ती अडली.

"कुर्म्यात दवाई मरते," ती म्हणाली.

"मरते म्हंजे काय, बाई?"

"मरते म्हंजे ताकद जाते तिची. माहा बाप जडीबुटी द्यायचा. कुर्म्यातल्या बाईची सावली पडली तरी जडी फेकून द्यायचा. पन्नास कोसातले लोक यायचे त्याच्याकडे, काय उगाच यायचे का?" तिने डबा स्वतःकडे ओढला. "म्हून तं मी ह्या धान्याच्या कोठीवर ठेवतो. देवाच्या जागेजवळ. मले पोरगी मारायची नाई ना, मेलेली दवाई देऊन."

वच्छला आरोग्य खात्याचं शिकलेलं बोलू लागली: गोळी कागदात बंद असते, तिला सावली लागत नाही. केसरबाईवर काही परिणाम झाला नाही. कुर्माच नको, घरीच राहा, असं म्हणायचं वच्छलाच्या ओठांवर आलं होतं, पण ती ते बोलली नाही. स्वतः कुर्म्यात बसणारी बाई ते कोणत्या तोंडाने बोलणार, आणि गावाने ऐकेपर्यंत रोशनीची किडनी थांबणार होती का?

तेव्हा रोशनी बोलली. सासूशी ती माडियात बोलायची, पण या वेळी वच्छलालाही समजावं म्हणून मराठीत बोलली.

"आत्या, तू कुर्म्यात रोज भात आनते ना मले?"

"आनतो."

"थो भात मरते का?"

"भात भात होये. दवाई दवाई होये."

"भातानं पोट भरते. ताकद गेली असती तं भरलं असतं का?"

"लय शिकली व तू," केसरबाई म्हणाली आणि कोंबांचं टोपलं उचलून आत गेली.

त्या दिवशी एवढंच झालं. वच्छला नाल्यात पाणी परत चढायच्या आत निघून गेली.

चौथ्या दिवशी केसरबाई स्वतः नाला ओलांडून वच्छलाच्या दारात उभी राहिली. आयुष्यात ती पहिल्यांदाच तिच्या घरी आली होती. पाणी प्यायली, बसली, आणि मुद्द्यावर आली. तिने ठरवलं होतं. डबा घरातून हलणार नाही. रोज एकच गोळी, भातासोबत, पानाच्या द्रोणात. भात जातो तशी ती जाईल, परत येणारं काही राहणार नाही. पण एकच महिना. ताकद गेली असं दिसलं तर बंद.

"पन ताकद गेली का राह्यली, कसं समजन?" तिने विचारलं.

"रक्तातून समजते, बाई. आकडा येते."

"मंग रक्त कुर्म्यातच काढ. घरी आल्यावरचं मले नाई पाह्यजे. घरी आल्यावर तं चालनच गोळी. कुर्म्यात चालते का, हे पाह्यचं हाये."

वच्छला तिच्याकडे पाहतच राहिली. डॉक्टरांनीही त्या दिवशी फोन ठेवताना नेमकं हेच सुचवलं होतं, आणि केसरबाईला ते कसं सांगावं याचा ती चार दिवस विचार करत होती.

पाच दिवसांनी घरी तपासलेला आकडा दोन आणि तीनच्या मध्येच आला, आणि ऑगस्टच्या अकरा तारखेला रोशनी कुर्म्यात गेली. आत आणखी दोघी होत्या, गावातल्याच. त्यातली एक दरडावून म्हणाली, "तुह्या सासूनं माह्या सासूलेबी सांगून ठेवलं. तू गोळी थुकली तर मी बोंब मारायची म्हने."

रोज संध्याकाळी केसरबाई येई, द्रोण खाली ठेवी, चार पावलं मागे सरे आणि तिथेच उभी राही. पूर्वी ती ठेवून लगेच जायची.

"गिळली का?"

"गिळली."

"तोंड उघड."

रोशनी तोंड उघडून दाखवी. आतल्या दोघी हसत. केसरबाई हसत नसे.

रक्त पाचव्या दिवशी काढायचं ठरलं होतं. उपकेंद्राची नर्स करिश्मा मूळची चिमूरची. या भागात येऊन तिला आठ महिने झाले होते. कुर्मा तिने रस्त्यावरूनच पाहिलेला. वच्छला तिला घेऊन आली तेव्हा लच्छू मोटारसायकल घेऊन सागाच्या झाडाखाली, लांब, पाठ करून उभा होता. निळ्या झाकणाची नळी चार तासांत अहेरीच्या लॅबमध्ये पोचायला हवी होती. त्यानंतर आकडा खरा येत नाही.

करिश्मा वाकून आत शिरली. जमीन ओली होती. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून दारावर पोतं लावलेलं होतं. तिने रोशनीच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. दोन नळ्या भरल्या: एक आयएनआरची, एक क्रिएटिनिनची. ती बाहेर आली तर केसरबाई वाटेत उभी.

"आता हे रक्त कुठी जाते?"

"अहेरीला, आजी."

"कुर्म्यातलं रक्त?"

करिश्माने वच्छलाकडे पाहिलं. वच्छलाने कपाळाला हात लावला. कुणी याचा विचारच केला नव्हता. कुर्म्यातली वस्तू अशीच कशी बाहेर जाणार?

लच्छूने लांबूनच, पाठ न वळवता, ओरडून विचारलं, "झालं का? साडेअकरा वाजून राह्यले!"

केसरबाईने क्षणभर विचार केला. मग ती बाजूला ठेवलेली पाण्याची घागर घेऊन आली. "धर त्या नळ्या," ती करिश्माला म्हणाली. "बाईले आंघोळ घालून घरी आनते ना? यायलेबी घालू."

"आजी, नाव पुसलं जाईल!"

"मंग नाव पुन्ना लिव. तुले लिवता येते ना?"

करिश्माने नळ्या घट्ट धरल्या. केसरबाईने त्यांच्यावर तीनदा पाणी ओतलं, हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि समाधानाने मागे सरली. करिश्माने ओल्या नळ्या ओढणीने पुसल्या, नवी चिकटपट्टी लावली आणि गुडघ्यावर वही ठेवून दोन्हींवर पुन्हा नाव लिहिलं. वच्छला तोंडावर पदर धरून हसत होती.

"आता तू," केसरबाई करिश्माला म्हणाली.

"मी काय?"

"तूबी आत गेलती ना?"

"अहो आजी, मी ड्युटीवर आहे!"

"ड्युटी आंघोळ करून कर."

करिश्माने ती घागर डोक्यावर ओतून घेतली. कपडे ओले, केस ओले, हातात वही. नळ्या तोवर लच्छूच्या पेटीत बर्फाच्या पिशवीशेजारी पोचल्या होत्या आणि मोटारसायकल नाल्याकडे वळली होती.

लच्छू साडेचारला परतला. अहेरीच्या लॅबवाल्याने दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले होते आणि वच्छलाच्या सांगण्यावरून चंद्रपूरच्या डॉक्टरांनाही कळवले होते. लच्छू कुर्म्यापासून पन्नास पावलांवर थांबला. त्याहून पुढे त्याला येता येत नव्हतं.

"दोन पॉइंट दोन!" तो ओरडला.

आतून रोशनीने विचारलं, "आनि दुसरा?"

"एक पॉइंट नऊ!"

"जूनमंधी किती होता?"

"एक पॉइंट नऊ! तेवढाच हाये!"

वच्छला दाराशी गेली. रोशनी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. रडत होती की काय, ते कळत नव्हतं. एक पॉइंट नऊ हा चांगला आकडा नव्हता. गेलेली किडनी परत येणार नव्हती, आणि मुलाचं काय, याचं उत्तर डॉक्टरांनी कधीच सरळ दिलं नव्हतं. पण मार्चपासून तो आकडा पहिल्यांदाच चढायचा थांबला होता.

केसरबाईला दुसऱ्या आकड्यात रस नव्हता. तिने वच्छलाला पहिलाच पुन्हा विचारला.

"दोन पॉइंट दोन म्हंजे?"

"दोन आनि तीनच्या मंधात पाह्यजे. मंधात हाये."

"म्हंजे कुर्म्यात मरत नाई गोळी."

"नाई मरत, बाई."

केसरबाईने यावर विचार केला. तिच्या वडिलांचा तिने उल्लेख केला नाही. "मंग एका महिन्याचं नाई," ती शेवटी म्हणाली. "आनखी किती दिवस द्या लागते?"

"जनमभर."

"मी काय जनमभर पुरनार हाव का?" ती म्हणाली. मग कुर्म्याकडे तोंड करून, आतल्या तिघींना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, "ज्या दिवशी मी नाई येन त्या दिवशी तूच उठून ये, रोशनी. अंगनाच्या काठीपावतर ये आनि हाक मार. मी द्रोण बाहेर आनून ठेवन. कोनी इचारलं तं माहं नाव सांग."

कुर्म्यातून अंगणाच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या काठीपर्यंत कुणी बाई आलेली त्या गावाने पाहिली नव्हती. आतल्या दोघी पोत्याच्या फटीतून केसरबाईकडे बघू लागल्या. लच्छूने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

रोशनीने पोतं बाजूला सारून बाहेर डोकं काढलं.

"आनि तू मेली तं?" तिने विचारलं.

"तवा घरात येऊन डबा घे," केसरबाई म्हणाली, आणि भात चढवायला घराकडे निघाली.